तिसरं पेडल

पेण, ५ ऑक्टोबर १९९८

प्रविण,

आशीर्वाद आहेतच. ते मी भांडणातही परत घेतले नव्हते, फक्त टेंपोची चावी घेतली होती.

तुझं पत्र दोन वर्षांनी आलं. पोस्टमनने "दुबईवरशी हाय, आधी च्या पाज" म्हणत ओटीवर बसकण मारली. तुझ्या वहिनीने त्याला चहा दिला आणि पत्र माझ्याआधी तिनेच वाचलं. वाचताना पदराने डोळे पुसत होती. माझे डोळे कोरडेच राहिले, कारण मी दुसऱ्या पानावर अडकलो.

तू लिहितोस, तू तिकडे ड्रायव्हर आहेस. तुझ्या मालकाकडे, म्हणजे तिकडच्या भाषेत अरबाबकडे, इटलीची लाल रेसची गाडी आहे. तिला क्लचचं पेडलच नाही. स्टेअरिंगच्या मागे दोन पट्ट्या आहेत, उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. पापणी लवायच्या आत गिअर पडतो. आणि वर लिहितोस, "दादा, ही ऑटोमॅटिक नाय. गिअरबॉक्स आपल्या टेंपोसारखीच दात्यांची हाय. क्लच पण हाय. फक्त त्याला पाय लागत नाय."

अरे, मिसरूड फुटायच्या आधीपासून मी गाडी चालवतोय. क्लच आहे पण पाय लागत नाही? मग तो काय भुताने दाबायचा? ऑटोमॅटिक म्हणाला असतास तर मी पुढचं पान उलटलं असतं. ती मी पाहिली आहे, म्हशीसारखी आपल्या मनाने चालते. पण दाते तेच, क्लच तोच, आणि हातापेक्षा जलद? बाजारात तुरी आणि तू मला वरण वाढतोस.

जलदपणाचं कौतुक तर तू मला सांगूच नकोस. आपल्या पेणेत गिअरची परीक्षा वेगळी असते. गणपती पेंढ्यात बसवून भरलेला टेंपो निघाला की गिअर असा टाकायचा, की बदलला हे मूर्तीला कळता कामा नये. हे तुला मी शिकवलं होतं. तरी त्या वर्षी पोपटशेठच्या कारखान्यातल्या मूर्ती रोह्याला नेताना तू भिसे खिंडीत तिसऱ्यातून दुसरा असा हाणलास, की तीन गणपतींचे हात गेले. मग रोह्याच्या बाजारात चार माणसांदेखत मी चावी काढून घेतली आणि जे बोलायचं ते बोललो. स्टेअरिंग धरायची तुझी लायकी नाही, असं बोललो. तू तसाच निघून गेलास. ते असो.

आता मुद्द्याचं. गाडीचं पुराण तीन पानं, आणि शेवटी चार ओळी: "निकेशला पाठव. अरबाब त्याचा व्हिसा काढेल. पासपोर्टची झेरॉक्स धाड, एप्रिलअखेर काम व्हायला पाहिजे." माझ्या एकुलत्या एका पोराला चार ओळी! गेल्या साली कोलाडचा सखा असाच ड्रायव्हरच्या नोकरीवर गेला आणि वाळवंटात उंट राखून परत आला. त्यालाही कुणीतरी गोड पत्रंच लिहिली होती.

माझा न्याय सरळ आहे. जो गिअरबद्दल खोटं बोलतो, तो कशाबद्दलही बोलेल. गाडी खरी ठरली तर निकेशला पाठवीन, नाही ठरली तर नाही. तेव्हा लिही: क्लच दाबतं कोण? खालचा गिअर घेताना इंजिन रेस कोण करतं? आणि झटका बसतो की नाही?

निकेशला मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्याचा पासपोर्ट माझ्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची चावी माझ्या करदोट्याला.

काळूराम


पेण, २२ नोव्हेंबर १९९८

प्रविण,

तुझं उत्तर आणि गाडीच्या आवाजाची कॅसेट मिळाली. कॅसेट कस्टमवाल्यांनी उघडली होती की तूच चिकटपट्टी लावून तशी दाखवलीस, देव जाणे.

तू लिहितोस, क्लच तेलाच्या दाबाने दाबला जातो आणि त्याला हुकूम कॉम्प्युटर देतो. खालचा गिअर घेताना गाडी आपणच इंजिन रेस करते. सावकाश चालवताना झटका देते, जोरात पळवताना देत नाही. हे शेवटचं वाचून मी थोडा विचारात पडलो. थापा मारणारा माणूस आपल्या गाडीत खोट काढत नाही. पण मग मनात आलं, हुशार थापाड्या बरोब्बर एक खोट काढून ठेवतो.

पत्र घेऊन रोह्याला दत्तात्रेय मिस्त्रीकडे गेलो. तो एका गिअरबॉक्सची आतडी पसरून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि म्हणाला, "व्हईल की. पायाचं काम तेलानं केलं तर का व्हनार नाय? ब्रेक नाय का तेलावं चालत?"

"पन हातापेक्षा जलद?" मी म्हटलं.

"हाताला आधी पायाची वाट बघायला लागते. पाय दाब, दांडा वढ, पाय सोड. तिथं समदं एका दमात."

मग त्याच्या टेपवर तुझी कॅसेट लावली. बाहेरचे दोन ट्रकवालेही आत आले. गाडी ओरडत गेली, पहिला, दुसरा, तिसरा, आणि मध्ये कुठे श्वासच नाही. आपल्या गाडीला दोन गिअरांच्या मध्ये एक उसासा असतो, तो कुठे ऐकूच आला नाही. ट्रकवाले "आयला!" म्हणाले. मी म्हटलं, हे काय, मध्ये मध्ये टेपचं बटण दाबलं की झालं. तसं दत्तात्रेय माझ्याकडे बघून म्हणाला, "काळूदादा, तुला ती गाडी खोटी ठरवायचीच हाय." मी त्याला सांगितलं, तू आपलं काम कर.

कॅसेटच्या शेवटी तू हसलास. तेवढा तुकडा मी घरी आणून पुन्हा पुन्हा लावला. आवाज तुझाच आहे की दुसऱ्या कुणाचा, हे बघायला. दुसरं काही कारण नाही.

अजून माझी खात्री नाही. झेरॉक्स पाठवत नाही.

काळूराम

ता. क. फोन का करत नाहीस? पेण नाक्यावरच्या बूथचा नंबर तुझ्याकडे आहे. पत्रात माणसाला विचार करायला वेळ मिळतो, म्हणून पत्रं लिहितोस काय?


पेण, १७ जानेवारी १९९९

प्रविण,

गाडी खरी निघाली.

नागोठण्याच्या कंपनीत आदर्श साहेब म्हणून इंजिनियर आहेत. त्यांची बदली झाली, सामान हलवायला माझा टेंपो बोलावला. सामानात इंग्रजी मासिकांचा गठ्ठा होता आणि वरच्याच मासिकावर लाल गाडी. मी कपाट खांद्यावरून उतरवलं आणि साहेबांना आधी ते वाचून दाखवायला लावलं. त्यांच्या बाईसाहेब वैतागल्या, पण साहेबांना गाड्यांचं वेड आहे. ते तिथेच खोक्यावर बसले.

तू लिहिलेलं सगळं त्यात होतं. पट्ट्या, तेल, कॉम्प्युटर, सगळं. सेकंदाच्या सातव्या हिश्शात गिअर बदलतो, आणि पट्टीचा ड्रायव्हरसुद्धा हाताने टाकायला त्याच्या तिप्पट वेळ घेतो. सावकाश चालवताना झटका देते, हेही होतं. मी कपाट तसंच सोडून खाली बसलो. मी हरलो, प्रविण. लेखी देतो.

शब्द दिला होता म्हणून घरी येऊन निकेशला सगळं सांगितलं. व्हिसाचं पण. तो आठ दिवस जमिनीवर नाही. आईशी हिंदी बोलतो आणि जेवायच्या ताटाचं स्टेअरिंग करतो. चंद्रावती हसते आणि मग न्हाणीत जाऊन रडते. तो माझ्याशी मात्र नीट बोलत नाही, कारण तीन महिने मी लपवून ठेवलं. म्हणाला, "बाबा, काकावं तुमचा इश्वास नाय ठीक हाय, माज्यावं पन नाय?" मी ट्रंक उघडली आणि पासपोर्ट त्याच्या हातात दिला.

आता तू म्हणशील, मग झेरॉक्स कुठे आहे? थांब जरा.

साहेबांनी आणखी एक गोष्ट वाचली. हीच गाडी साध्या गिअरची पण मिळते. लोखंडी खाचांतून दांडा फिरवायचा, क्लच पायाने दाबायचा. आणि शौकीन लोक अजून तीच मागतात. म्हणतात, वेळ जास्त लागतो खरा, पण गाडी आपण चालवली असं वाटतं. हे ऐकल्यावर मला तुझ्या दुसऱ्या पत्रातली ओळ आठवली. अरबाबकडे तशीच एक पिवळी गाडी आहे, दांड्याची, आणि ती केरळचा ड्रायव्हर चालवतो.

केरळचा का? तू का नाही?

तू तो प्रविण आहेस ना, जो पेणच्या डॉक्टरांच्या ऑटोमॅटिकला म्हाताऱ्यांची गाडी म्हणायचा? गिअरचा दांडा हातात आला की तुझ्या अंगात यायचं. आणि आता दारात पिवळी उभी असताना तू पट्ट्यांचीच आरती ओवाळतोस. प्रत्येक पत्रात लाल गाडी, नाहीतर अरबाबच्या बायकोची ऑटोमॅटिक. पिवळीबद्दल एक ओळ, तीही दुसऱ्याच्या नावाने.

मला वाटतं तू ड्रायव्हर नाहीसच. तू गाड्या धुतोस. धुण्यात कमीपणा नाही, पण मग तसं लिही, आणि माझ्या पोरालाही धुवायलाच बोलावतोस का, तेही लिही. नाहीतर एक काम कर. एक दिवस पिवळी चालव, एक दिवस लाल, आणि तुझ्या स्वतःच्या हाताने कुठला गिअर जलद पडला ते मला कळव. आणि फोटो पाठव. पत्रांबरोबर आधी आलेल्या दोन्ही फोटोंत तू गाडीत बसलेला आहेस. गाडीत काय, जत्रेतल्या फोटोवाल्याकडे कुणीही बसतं. पिवळीच्या बाजूला उभा राहून काढ. डोक्यापासून पायापर्यंत.

काळूराम


पेण, २८ फेब्रुवारी १९९९

प्रविण,

फोटो मिळाला. उभा आहेस, पण लाल गाडीला टेकून. पिवळी चालवलीस की नाही, याबद्दल पत्रात चकार शब्द नाही. हवा कशी आहे आणि खजूर किती स्वस्त आहे, ते दोन पानं. खजुराचं मी विचारलं नव्हतं.

मी फोटो हातात घेऊन तुझं तोंड बघत होतो. वाळला आहेस. मी म्हटलं, "बघ, कपडे ड्रायव्हरचेच हायत, म्हंजे धुवत नसेल." चंद्रावतीने फोटो घेतला, दारात उजेडाला नेला आणि बराच वेळ आलीच नाही. मग तिथूनच म्हणाली, "आवो, याचा एक बूट जुना आन एक नवा कसा?"

मी म्हटलं, दोन्ही सारखेच तर आहेत, काळे.

"रंग नाय वो. उजव्याला बघा, चवड्यावं चुन्या पडल्यात. डावा जसा खोक्यातनं काढलेला. एका मानसाचे दोन बूट एकदमच जुने व्हतात ना?"

मी फोटो खिशात घातला आणि टेंपो काढला. वडखळच्या पुढे मिठागरांच्या बांधाला गाडी लावून बसलो. चुणी पडते ती पाऊल वाकल्यामुळे. न वाकणाऱ्या पावलाच्या बुटाला चुणी कुठून पडणार?

मग एकेक गोष्ट समोर यायला लागली. लाल गाडीला डावीकडचं पेडल नाही. अरबाबच्या बायकोच्या ऑटोमॅटिकला नाही. पिवळीला आहे, आणि पिवळी तू चालवत नाहीस. पहिल्याच पत्रात तू लिहिलं होतंस, फक्त त्याला पाय लागत नाय. मी ते वाचून हसलो होतो. पाच महिने मी तुझी गाडी तपासली. दाते तपासले, तेल तपासलं, टेपचं बटण तपासलं. इंजिनियर गाठला. एवढा संशय घेतला, पण घ्यायला हवा होता तिथे एकदाही घेतला नाही.

माझं चुकत असेल तर मला शिव्या दे. पोटभर दे, वहिनीला वाचून दाखवीन. पण यावेळी खजूर नको, अरबाब नको. प्रविण, तुझा डावा पाय आहे का? एका शब्दात लिही.

दादा


पेण, ११ एप्रिल १९९९

प्रविण,

पत्र वाचलं. पहिल्यांदा एकट्याने, मग घरात मोठ्याने.

पाण्याचा टँकर चालवत होतास, तो साइटवर कलंडला, गुडघ्याखालून पाय गेला. आणि तू आम्हाला कळवलं नाहीस. दीड वर्ष! तुझ्याशेजारी हॉस्पिटलात कोण बसलं होतं, ते तरी लिहायचंस. त्या केरळवाल्याने नकली पायाचा खर्च उचलला आणि अरबाबच्या गॅरेजात चिकटवलं, त्याचं नाव तू आत्ता लिहितोस. मी त्याच्यावरही संशय घेतला होता. त्याला माझा नमस्कार सांग.

होय, तू गाड्या धुतोस, माझं तेवढं बरोबर होतं. शुक्रवारी लाल गाडी पेट्रोलला नेतोस, तेवढंच तुझं ड्रायव्हिंग. आणि तू लिहिलंस, "दादा, त्या गाडीत बसलो की दोन पायांचा मानूस नि मी सारखेच." ही ओळ मला मोठ्याने वाचता आली नाही. ती चंद्रावतीने वाचली.

आणि शहाण्या, निकेशला बोलावत होतास ते हे! अरबाब लाल गाडी विकतोय, त्याला सगळ्या गाड्या चालवणारा हवा, तर तुझ्या जागी पुतण्याला बसवायचं आणि आपण कुठेतरी नाहीसं व्हायचं. पोराची सोय केली की दादाचा राग जाईल, असं वाटलं तुला. मी काय एवढा मोठा राक्षस आहे? असेनही. त्या दिवशी रोह्यात जे बोललो ते ऐकलेला माणूस एक पाय घेऊन माझ्या दारात कसा येईल? तू लिहिलं नाहीस, पण मला वाचता येतं.

निकेशने ऐकून घेतलं आणि ट्रंकेतला पासपोर्ट, जो मी त्याच्या हातात दिला होता, तो परत माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "काकाची जागा मी नाय घेनार. काकाला हिकडं आना." एवढंच बोलला आणि टेंपो धुवायला गेला.

आता मी काय केलं ते ऐक. हसू नकोस.

परवा सकाळी मी रिकामा टेंपो काढला, डावा पाय मागे दुमडला आणि सीटच्या पायाला पंच्याने बांधून टाकला. म्हटलं, बघू तर, आपल्याकडे कॉम्प्युटर नाही, तेल नाही, दाते तर आहेत. निकेश शेजारी बसला, उतर म्हटलं तरी उतरला नाही. गाडी पहिल्यात ठेवून स्टार्टर मारला. बेडकासारखी उडी मारून निघाली. मग कानाने चालवली. अॅक्सिलेटर सोडायचा, दांडा सोडवून मध्ये धरायचा, इंजिन खाली येईपर्यंत वाट बघायची, आणि आवाज जुळला की दांडा आपणच आत जातो. नाही जुळला तर दाते असे ओरडतात की रस्त्यावरची कोंबडीसुद्धा शिवी देईल. नागोठण्याच्या नाक्यावर बंद पडली, मागे एसटी, ड्रायव्हर माझ्या सात पिढ्या काढतोय, आणि निकेश खिडकीतून डोकं काढून "बाबांचा पाय बांधलाय!" असं सांगतोय. त्या ड्रायव्हरला काय कळलं असेल कुणास ठाऊक. त्याने एसटी बाजूने काढली.

भिसे खिंडीत तिसऱ्यातून दुसरा घ्यायला मला इतका वेळ लागला, की तेवढ्यात तुझी लाल गाडी अलिबागला जाऊन आली असती. जगात कुणी इतका सावकाश गिअर टाकला नसेल. घामाने सदरा अंगाला चिकटला. पण पडला, प्रविण. दाते न वाजवता पडला. टेंपो रोह्याला पोचला.

दत्तात्रेयच्या दारात पंचा सोडला तर पायाला मुंग्या, उतरताना पडलोच. चार ड्रायव्हर धावत आले. काय झालं, विचारायला लागले. मी सांगितलं, माझ्या भावाचा पाय गेलाय, तो गाडी कशी चालवेल ते बघत होतो. मी अडीच वर्षांपूर्वी इथेच रोह्यात त्याला नालायक म्हणालो होतो, ते खोटं होतं. दत्तात्रेय म्हणाला, "येडा हायस तू. पाय कशाला बांधतूस? क्लचची मूठ करून दांड्यावं बसवतो, हातानं दाबंल तो." मूठ जड जाईल म्हणतो. जाऊ दे जड. त्याला मी टेंपो देऊन आलोय आणि घरी एसटीने आलो.

तेव्हा तू ये. विचार करून कळवतो असं लिहू नकोस, तुझे विचार मला आता कळायला लागलेत. तिकिटाचं निकेश बघतोय. केरळवाल्याला वेगळं पत्र टाकलंय की याला विमानात बसवूनच परत फिर, कारण तू दारापर्यंत येऊन वळशील, असा माझा संशय आहे.

मी विमानतळावर येईन. पायाकडे बघणार नाही, असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. मी आधी पायाकडेच बघणार, आणि मग बहुतेक रडणार. तू मात्र लांब पँट घालून लपवू नकोस. घरात खोटं बोलणारा एक मी होतो, तेवढा पुरे झाला.

दादा